मालनबाईंचा 'आगु'

"आगु! आगु!" कट्ट्यावरून मालनबाई जिवाच्या आकांताने ओरडल्या, आणि पुण्याहून नुकतीच राहायला आलेली सात वर्षांची चारू थांबायचं सोडून आणखी जोरात पळाली. ऑटोवाल्याने करकचून ब्रेक मारला. चाक हातभर अंतरावर थांबलं. चारू दचकून आपटली, गुडघे तेवढे सोलपटले.

काचीगुड्याच्या त्या गल्लीत मे महिन्यात ऊन उतरलं की पोरं मोकाट सुटत. त्यांच्यावर लक्ष ठेवा, असं मालनबाईंना कुणी सांगितलं नव्हतं. पण शाळेच्या फाटकापाशी एकतीस वर्षं आया म्हणून काढलेल्या बाईला रस्त्यावर मुलं दिसली की घरात बसवत नसे. चारूची आई वैशाली लेकीला महिनाभर गॅलरीतूनच खेळ दाखवत होती. मालनबाईंनीच गळ घातली होती, "सोडा की ताई. मी हाय ना हितं."

गुडघे धुताना त्यांनी विचारलं, "थांब म्हनलं तर पळालीस का गं बाळा?"

"तुम्हीच म्हणालात, 'आगे, आगे'!" चारू हुंदके देत म्हणाली.

मालनबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. 'आगु' म्हणजे तेलुगूत थांब. शाळेत दिवसातून शंभरदा म्हणून तो शब्द जिभेवरच बसला होता. लहानपणी नांदेडला त्यांची आई "थांब" म्हणून ओरडायची. मराठी पोरीला थांबवताना नेमका आईचाच शब्द आठवू नये? आता ही पोर पुन्हा गॅलरीत, आणि तेही आपल्यापायी.

दुसऱ्या दिवशी वैशाली चारूला घेऊन खाली आली. मालनबाई उठून उभ्या राहिल्या. "ताई, चूक माझीच…"

"मावशी, ऑटोवाला इथलाच, तेलुगू. तुमचं 'आगु' ऐकून त्यानेच ब्रेक मारला. मला सांगितलं त्याने." वैशाली म्हणाली. "भीती वाटतेच मला. पण तुम्ही आहात, तर खेळू दे तिला. फक्त ओरडायचं काय, तेवढं ठरवा."

मालनबाईंनी सगळी पोरं गोळा केली. "सुनो रे! आज से मैं 'थांब' बोली तो खडे के खडे रहना. समझे क्या?"

"हौ नानी!"

चार दिवसांनी पाण्याचा टँकर गल्लीत वळला.

"थांब!"

पंधरा पोरं जागच्या जागी थांबली. एकाने तर उचललेला पाय तसाच धरला. टँकर निघून गेला तरी कुणी हलेना. सगळी मालनबाईंकडे बघत होती, आणि त्या पदराने डोळे पुसत होत्या.