सहा सूर, दोन पावलं

मी आर्डव्हेल गावच्या बॅगपाइप बँडचा मोठा ढोल बोलतोय. पुढचं सगळं अगदी खरं आहे, माझ्या कातड्याची शपथ. आता हे कातडं तसं माझं नाही. पहिलं वासराचं होतं, नंतर दोनदा बदललं, आणि सध्याचं तर प्लास्टिकचं आहे. पण शपथ ती शपथ.

जन्म ग्लासगोच्या एका कारखान्यात. अडतीस वर्षं मी टॉर्किलच्या छातीवर मिरवलो. लोक टाळ्या पाइपवाल्यांना देतात आणि पाय माझ्या ठोक्यावर टाकतात. चहाचे कपही माझ्यावरच ठेवतात. म्हणूनच मी माणसांवर विश्वास ठेवत नाही.

सगळ्यात जास्त संशय मला एफीचा. ही टॉर्किलची पुतणी, छोटा ढोल वाजवायची. येताजाता माझ्या कडेवरून बोट फिरवायची. माल पारखून घेतात ना, तसं.

गेल्या हिवाळ्यात टॉर्किलचे कान गेले. पाइप नीट ऐकू येईनात, म्हणून जत्रेतल्या स्पर्धेसाठी बसवलेला नवा मार्च, म्हणजे चालत वाजवायची धून, त्याला कागदावर लिहून लागला. तो कागद एफीने आणून दिला. गोड हसून दिला. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

आमच्या या चालीत प्रत्येक घरात, म्हणजे कागदावरच्या दोन उभ्या रेघांमध्ये, सहा सूर. पण ठोके सहा नसतात, दोनच. तीन सुरांची एक जुडी, तिला डावं पाऊल. दुसरी जुडी, उजवं पाऊल. कुठल्या सुरांच्या शेपट्या एकत्र जोडल्यात ते बघायचं आणि चालायचं. या कागदावर मात्र सूर दोन-दोन करून जोडलेले. सूर तेच सहा, पण जुड्या तीन. म्हणजे ठोके तीन!

सभागृहात तालीम सुरू झाली. टॉर्किलने कागदाबरहुकूम दोन पावलांच्या जागेत तीन ठोके हाणले. काही पाय पाइपमागे गेले, काही माझ्यामागे. एकजण पुढच्याच्या पाठीवर आदळला.

"अरे टॉर्किल, मार्च आहे का लग्नातला नाच?" बँडचा म्होरक्या लॅकलन त्याच्या कानाशी ओरडला.

"कागदात तसंच आहे!"

"कागदाला पाय आहेत का? शनिवारी स्पर्धेत असं झालं, तर ढोल एफीच्या गळ्यात घालीन. कुणी लिहिलंय हे?"

एफीने कागद ओढून घेतला, पाहिला. "मीच लिहिलं. तीन-तीनच्या जुड्या बांधायच्या, त्या मी दोन-दोनच्या बांधल्या. काकांना काय बोलायचं नाही हं!"

मी म्हटलं, पकडली चोरी!

शनिवारी मैदानात ती आमच्या पुढच्याच रांगेत. डाव्या पावलाला डावा खांदा जरा जास्तच झुकवत होती. आता ही कसली खूण? कुणाला? टॉर्किल मात्र त्या खांद्यावर डोळे लावून ठोका देत होता. डावा, उजवा. डावा, उजवा. शेवटपर्यंत एक पाय चुकला नाही. नंबर सहावा आला, पण लॅकलनने टॉर्किलची पाठ थोपटली. "ढोल तुझाच, म्हाताऱ्या!"

टॉर्किलने पट्टे सोडले आणि मला एफीच्या गळ्यात घातलं.

"अहो काका, तुमचं काही चुकलं नाहीये!"

"माहितेय. घे गुमान. आणि वर कप ठेवू देऊ नकोस कुणाला."

आता मी तिच्या छातीवर असतो. ती जोरात मारते, पण चुकीच्या जागी मारत नाही.

एक गोष्ट मात्र मी रचली, ती सांगून टाकतो. कागद एफीने आणला नव्हता. टॉर्किलनेच स्वयंपाकघरात बसून, रेकॉर्ड मोठ्याने लावून, निम्मीअर्धी ऐकत तो लिहिला. मी कोपऱ्यातून पाहत होतो. तालमीत कागद पाहताच एफीने त्याचं अक्षर ओळखलं होतं.