पायाचा जोर

ताईच्या जुन्या गाडीला चारी चाकांना डिस्क ब्रेक होते, पण जोर वाढवणारा बूस्टर नव्हता. ब्रेकला जोर लागायचा तो फक्त पायाचा. पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा मास्टर सिलिंडर गळायला लागला, तेव्हा धाकट्या भावाने हौसेने नवा बसवून दिला. दुकानातला सगळ्यात मोठ्या व्यासाचा. मोठा तेवढा दमदार, असं त्याने धरून चाललं होतं.

चारच दिवसांत ताईची गाडी उतारावरच्या सिग्नलला थांबेना. पेडल दगडासारखं घट्ट. दोन्ही पाय रोवले तेव्हा कुठे ती पांढऱ्या पट्ट्यांवर जाऊन उभी राहिली. समोरच्या बाईने बाबागाडी मागे खेचली म्हणून निभावलं. ताईने हे फोनवर हसत सांगितलं, आणि दुसऱ्या दिवसापासून मलमपट्टीची पिशवी खांद्याला लावून ती पेशंटांकडे बसने जाऊ लागली.

धाकट्याचं कशातच मन लागेना. जेवताना टेबलाखाली त्याचा पाय आपोआप दाबला जाई.

दुकानदाराने सांगितलं की बूस्टर नसेल तर सिलिंडर लहान व्यासाचा हवा. तेवढ्याच जोरात दाब जास्त मिळतो, फक्त पेडल खोल जातं. पण किती खोल? धाकटा लहान सिलिंडर घेऊन बाहेर पडला, परत आत गेला, त्याहून थोडा मोठा हातात घेऊन बघितला. शेवटी दोन्ही घेऊन ताईकडे गेला. वजनकाटा भिंतीला टेकवला आणि तिला खुर्चीत बसवून पायाने दाबायला लावलं.

काटा फारसा हललाच नाही. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून त्या पायात जीव उरला नव्हता. ती कधी बोलली नव्हती. त्याने विचारलंही नव्हतं.

"आता माझी कीव करू नकोस," ती म्हणाली. "ब्रेक नीट कर."

त्याने लहान सिलिंडर बसवला, नळ्यांतली हवा काढली, पुन्हा काढली. बंद गोदामाच्या आवारात ताईने गाडी चालवली. पेडल खोल गेलं, पण गाडी अलगद थांबली. तिने पुन्हा वेग घेतला, पुन्हा थांबवली. मग त्याला उतरायला सांगून ती एकटीच फाटकातून बाहेर पडली.

तो आवारात येरझाऱ्या घालत राहिला. वळणापलीकडे कुठेतरी हॉर्न वाजला, आणि तो फाटकाकडे धावला.