ठकीच्या फुंकरीचं माप

दवाखान्यातल्या श्वास मोजायच्या मशीनवाल्याने पेनच्या टोपणाने कान कोरला, टोपण कोटाला पुसलं आणि त्याच पेनाने ठकीचं नाव लिहायला घेतलं. आजीने ते पाहिलं. कोपऱ्यातली बादली फुंकून टाकलेल्या, थुंकी लागलेल्या पुठ्ठ्याच्या नळ्यांनी ओसंडत होती. नाकाला लावायच्या चिमट्यावर कुणाचा तरी वाळका शेंबूड.

"हा माझ्या नातीला लागायचा नाही," आजी म्हणाली. "की आधी तुझ्या नाकाला लावून दाखवतोस?"

त्याने तोंड वाकडं करून दुसरा चिमटा काढला.

ठकी अकरा वर्षांची. कणा वाकडा, त्यामुळे बरगड्या एका अंगाला फुगलेल्या, दुसऱ्या अंगाला चेपलेल्या. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, छातीत श्वास कमी मावत असेल तर ऑपरेशन लवकर, नाहीतर वर्षभर थांबायचं. सगळं आजच्या फुंकरीवर.

"फुंक! फुंक! अजून! सोडू नको!" मशीनवाला गुरं हाकल्यासारखा ओरडला. ठकीने तीनदा जीव काढून फुंकलं. तिसऱ्यांदा तोंड जांभळं पडलं, लाळ हनुवटीवरून ओघळली. आजीने रुमालाने टिपली.

"चौऱ्याऐंशी टक्के. मस्त आहे. पुढच्या वर्षी या."

आजीला पटेना. एक जिना चढताना दोनदा टेकणारी पोर, आणि मस्त?

"शंभर टक्के म्हणजे कुणाची फुंकर रे?"

"हिच्याएवढ्या उंचीच्या धडधाकट मुलीची. एकशे बत्तीस सेंटीमीटर."

"उंची कशी घेतलीस?"

"उभं करून. झोपवून घेतात का, मावशी?"

आजीचा जन्म शिवणयंत्रावर गेला होता. ठकीचे कपडे तीच शिवायची. अंग नऊ वर्षांच्या पोरीचं, बाह्या मात्र बारा वर्षांच्या.

"कणा वाकलाय म्हणून ती बुटकी दिसते, शहाण्या. हात वाकलेत का? सरळ असती तर केवढी झाली असती ते हात सांगतील. तू तिला ठेंगण्या पोरींच्या रांगेत उभी केलीस आणि म्हणतोस मस्त!"

"तुम्ही किती शिकलात?"

"सही करण्यापुरतं. पण माप चुकवून कुणाचं कापड कधी वाया घालवलं नाही."

आवाज ऐकून शेजारच्या खोलीतून डॉक्टरीणबाई आल्या. कागद बघताच त्यांच्या कपाळाला आठी पडली. "अरे, अशा मुलांचे दोन्ही हात पसरून मोजायचे, बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत. तीच उंची धरायची. कितीदा सांगायचं?"

"घाई होती, मॅडम."

ठकीने हात पसरले. एकशे सत्तेचाळीस. मशीनवाल्याने आकडा बदलला. फुंकर तीच, पण टक्के त्रेसष्ट.

डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशनच्या यादीत नाव घातलं. "आजी, तुमच्यामुळे वर्ष वाचलं हिचं."

ही शाबासकी आजीला घशाखाली उतरेना. दोन वर्षं तीच बाह्या वाढवत आली होती. दर खेपेला बोटभर कापड जोडायचं, दोरा दाताने तोडायचा आणि 'माकडीण झालीय नुसती' म्हणून हसायचं. असं का होतंय, हे कुणाला विचारावंसं एकदाही वाटलं नव्हतं. मघापासून ज्याला ती झाडत होती, त्याने ठकीचं माप निदान एकदाच चुकवलं होतं. तिला स्वतःच्या बोटांचीच घाण वाटली.

"आजी, ऑपरेशन दुखतं?" ठकीने तसेच हात पसरून विचारलं.

खोटं सांगायची आता तिला शिसारी आली होती.

"दुखतं," ती म्हणाली. "हात खाली घे, दमशील."