अकरा रविवार

गाडीचं पुढचं चाक चुन्याच्या रेषेवरून गेलं आणि दमयंतीनं घड्याळाचा खटका दाबला. मागून आलेली खारट धूळ तिच्या ओठांवर बसली. तिनं आधी काटा पाहिला, मग तोंड पुसलं. एकोणीस सेकंद, दोन दशांश. तिनं वहीत वेळ लिहिली, खाली रेघ मारली आणि वही तशीच छातीशी धरून उभी राहिली.

वेळ अठरा सेकंदांच्या आत आली तर वही डोक्यावर उंच धरायची, असं बहीणभावांत ठरलं होतं. गाडी लांब जाऊन थांबली. दयारामनं मान वळवून पाहिलं, वही कुठे आहे ते पाहिलं, आणि इंजिन बंद केलं.

पनवेलच्या खाडीलगत मिठागरांमधून जाणारा हा बांध युद्धात लष्करानं मुरूम टाकून रुंद केला होता. पुढे लष्कर गेलं आणि रस्ता मिठाच्या पाट्या वाहणाऱ्या बायकांना उरला. सबंध तालुक्यात पाव मैल सरळ आणि मोकळा असा हा एवढाच तुकडा. दमयंतीनं तो टेपनं दोनदा मोजून दोन्ही टोकांना चुन्याच्या रेषा ओढल्या होत्या. सहा दिवस दयाराम पुण्याच्या हमरस्त्यावरच्या आपल्या गॅरेजात दुसऱ्यांचे ट्रक दुरुस्त करी. सातव्या दिवशी जीपला दोर बांधून ही गाडी इथं ओढत आणी. लष्करी लिलावात मिळालेल्या ट्रकचं आठ सिलिंडरचं इंजिन, मोडक्या जीपची चौकट, वर हातानं ठोकलेला पत्रा. दोन वर्षं खपून त्यानं ती बांधली होती.

पुढच्या रविवारी मुंबईच्या एका विमानतळाच्या धावपट्टीवर पाव मैलाची शर्यत होती. चाचणीची वेळ अठरा सेकंदांच्या आत असेल त्यांनाच उतरू देणार होते. शर्यतीचा फॉर्म वहीच्या मागच्या पानात घडी घालून ठेवला होता. वेळेचा रकाना सोडून बाकी सगळा भरलेला. उद्याच्या टपालानं तो जायला हवा होता. म्हणजे जे काही व्हायचं ते आजच.

दयाराम चालत आला. त्याच्या शर्टाची पाठ भिजली होती, आणि अजून नऊही वाजले नव्हते.

"किती?"

"एकोणीस दोन."

"पहिल्या फेरीला?"

"एकोणीस दोनच."

तो बांधाच्या कडेला बसला. बूट काढून त्यातली माती झटकावी असं त्याच्या मनात आलं असावं, कारण त्यानं नाडीला हात घातला आणि तसाच राहू दिला.

"मागच्या रविवारी अठरा एक होती ना?"

"हो."

"आठवड्यात मी फक्त प्लग बदलले, दमू. नवे घातले. नव्या प्लगनी गाडी एका सेकंदानं मागे जाते?"

गेल्या दहा रविवारांत असे बरेच प्रश्न विचारून झाले होते. फेब्रुवारीत पहिल्यांदा गाडी इथं आणली तेव्हा एकोणीस चार. दयारामनं कार्ब्युरेटरचं जेट बदललं, आणि पुढच्या रविवारी अठरा तीन. दोघंही खूश. मग त्यानं चाकांतली हवा कमी केली तर एकोणीस तीन. हवा पुन्हा भरली, अठरा दोन. प्रत्येक रविवारचं कारण सापडत होतं. जे फळलं ते ठेवायचं, जे फसलं ते काढायचं. दमयंती बी.एस्सी. होती, मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होती. वारा, उष्णता, पेट्रोल, जेटचा नंबर, प्लगची फट, सगळं ती वहीत लिहीत होती. गाडी मात्र अठराच्या उंबरठ्याशी यायची आणि मागे फिरायची.

तुळशीराम त्यातच सोडून गेला.

तुळशीराम करंज्याचा कोळी. उरणला लाँचींची इंजिनं दुरुस्त करायचा, आणि लेथवर त्याचा हात असा की दयाराम म्हणायचा, हा केसाचेही दोन करील. क्लच सुटताक्षणी गाडीचा दिवा लागावा आणि पाव मैलावर उभ्या दमयंतीला घड्याळ सुरू करता यावं, ही जोडणी त्याचीच. इंजिनाच्या दांड्यावर फिरणारं जड चाक, फ्लायव्हील, बदलून त्यानं स्वतःच्या हातानं एक हलकं चाक कातून आणलं होतं. ते लावून पहिली चाचणी घेतली तो नेमका धुळवडीचा दिवस. गावचा शिमगा, पालखी सोडून तो पहिल्या एस.टी.नं आला. कानाच्या पाळ्या गुलालानं लाल होत्या.

त्या दिवशी वेळ आली अठरा सात. आदल्या रविवारी, जुन्या चाकावर, अठरा एक होती.

"हलकं केलंस ते जास्तच केलंस," दयाराम म्हणाला होता. "ओढच गेली गाडीची."

"नाय दयारामशेट. मी आत बसलेलो. गाडी उचलते चांगली, पन खाली पकडतच नाय." मग तो दमयंतीकडे वळला होता. "ताई, अजून एक रविवार द्या याला. पुढच्या रविवारी याच चाकावर बगा."

"दर रविवारी तुझ्याच चाकाचे लाड करू?" दयाराम म्हणाला. "तिकडं शर्यत आली तोंडावर."

तुळशीराम दमयंतीकडेच बघत होता. तिनं वही त्याच्यापुढे धरली. दोन आकड्यांखाली पेन्सिल टेकवली.

"आकडे खोटं बोलत नाहीत, तुळशीराम."

तो वाद घालत बसला नाही. त्याच दुपारी गॅरेजात गिअरबॉक्स उतरवून त्यानं स्वतःचं चाक काढलं, जुनं बसवलं, प्रत्येक बोल्ट दोनदा तपासून आवळला. मग आपलं चाक गोणपाटात गुंडाळलं, खांद्यावर टाकलं आणि स्टँडकडे निघाला. चहा सांगितला होता, तो तसाच राहिला. पुढच्या रविवारी जुन्या चाकावर अठरा एक आली. "बघ," दयाराम म्हणाला होता, आणि दमयंतीनं आकड्याखाली रेघ मारली होती. तुळशीराम त्यानंतर आला नाही.

"अजून एक फेरी घेऊ?" तिनं विचारलं.

"काय बदलून?"

मिठाच्या पाट्या घेऊन बायका रांगेनं येत होत्या. गाडी थांबली की त्यांचा रस्ता सुरू व्हायचा. रांगेत पुढे भामा होती. वय पन्नाशीचं, आवाज खणखणीत. अकरा रविवारांत तिनं या दोघांची इतकी चेष्टा केली होती की तिच्याशिवाय चाचणी अपुरी वाटली असती.

"मास्तरीनबाय, दमला काय तुमचा रेडा?" ती लांबूनच ओरडली. "नांगराला नाय, गाड्याला नाय. नुसता धावतो नि परत येतो."

"आज धावतही नाही, भामाबाई."

"आज कसा धावल?" असं म्हणत भामानं पाटी उतरवली, कनवटीची पुडी सोडली आणि दोघांच्या हातावर चिमूट चिमूट सुंठवडा ठेवला. "घ्या. मारुतीचा जन्म झाला सकाली. त्याला सांगा ढकलाया."

दयारामनं सुंठवडा तोंडात टाकला आणि डोळे मिटून घेतले. दमयंतीचं लक्ष पाटीवर गेलं होतं. पाटी अर्धीच भरली होती. मागच्या बाईचीही अर्धी, तिच्या मागचीही. आणि सगळ्या जणी रस्त्याच्या मधून न येता अगदी कडेच्या दगडांवरून, पाय जपत येत होत्या.

"पाट्या अर्ध्या का आज? सण म्हणून?"

"सन कसला, मुकादम सोडतो काय?" भामा हसली. "आज पुनव नाय का? उदानाची भरती. आवस-पुनवेला बांद खालून पानी पितो. वरून सुका दिसतो, पन भरली पाटी घेऊन मदून चाललं की टाच रुतते. म्हनून पाटी उनी भरायची नि कडेनं चालायचं. माजी सासूपन अशीच चालायची."

"दर पुनवेला?"

"पुनवेला नि आवसेला. आट दिसांनी भांगाची उनी भरती आली की मंग दगडावानी. तवा नाचा मदून."

तिनं पाटी उचलली आणि रांग पुढे गेली. दमयंती काही क्षण तिच्या टाचांकडे बघत राहिली. मग तिनं गाडीतला लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला, जिथून गाडी सुटते त्या रेषेपाशी गेली आणि वाकून तो रस्त्याच्या मधोमध दाबला. वरचा कडक पापुद्रा फुटला. पुढे तो मुठीपर्यंत सहज आत गेला. बाहेर काढला तेव्हा त्याला ओली काळी माती चिकटली होती.

तिथंच उकिडवी बसून तिनं वही उघडली. वाऱ्याचा रकाना होता, उष्णतेचा होता. तिथीचा नव्हता. तिथी वहीत लिहायची गोष्ट आहे असं तिला कधी वाटलंच नव्हतं. आता ती बोटांवर मोजत मागे गेली. आज हनुमान जयंती, पौर्णिमा: एकोणीस दोन. पाडव्याच्या आदल्या दिवशीचा रविवार, अमावास्या: एकोणीस दोन. त्याच्या दोन आठवडे मागे धुळवड, होळी पौर्णिमेचा दुसरा दिवस.

नव्या पानावर तिनं उभी रेघ मारली आणि आकडे एकाआड एक दोन बाजूंना उतरवून काढले. उजवीकडे कोरड्या रस्त्याचे पाच रविवार: अठरा तीन, अठरा दोन, अठरा एक, अठरा एक, अठरा एक. डावीकडे उधाणाचे सहा: एकोणीस चार, एकोणीस तीन, एकोणीस दोन, अठरा सात, एकोणीस दोन, एकोणीस दोन.

जेट, हवा, प्लग, अडीच महिन्यांची सगळी उलथापालथ, या सगळ्यानं मिळून दोन दशांशांचा फरक पडला होता. डाव्या बाजूला एकच आकडा इतरांत बसत नव्हता. ओल्या रस्त्यावर, चाकं रुतत असताना, गाडी अर्ध्या सेकंदानं लवकर आली होती. एकदाच. धुळवडीला.

कोरड्या रस्त्याच्या वेळेतून तिनं अर्धा सेकंद वजा केला. सतरा सहा. आकडा लिहिला नाही. पेन्सिल वहीत ठेवून ती उठली तेव्हा गुडघ्यांना मुंग्या आल्या होत्या.

दयाराम तसाच बसला होता. तिनं वही त्याच्यापुढे धरली आणि जेवढं लागेल तेवढंच सांगितलं. पाणी, पौर्णिमा, दोन बाजू. मग डावीकडच्या चौथ्या आकड्याखाली पेन्सिल टेकवली. पेन्सिल तिथं टेकली तेव्हा, अशीच आपण ती एकदा टेकवली होती, हे तिला जाणवलं आणि तिनं ती मागे घेतली.

दयारामनं वही हातात घेतली आणि दोन्ही बाजूंवरून बोट फिरवलं.

"म्हणजे चाक चांगलं होतं."

"तेवढंच चांगलं होतं, दादा. बाकी आपण केलं ते सगळं..." तिनं वाक्य सोडून दिलं.

"तो म्हणाला होता, एक रविवार द्या."

"हो."

"तू तेव्हा..." तो तिच्याकडे वळला, तिचा चेहरा पाहिला आणि थांबला. "नाही. मीच म्हणालो."

"दोघंही म्हणालो."

रिकाम्या पाट्या घेऊन बायका परतत होत्या. दयारामनं हाक मारली.

"भामाबाई! हा रस्ता सुकेल कधी?"

"सातमी-आटमीला. रविवार धरा पुडचा."

शर्यतही त्याच रविवारी, आणि फॉर्म उद्याच जायला हवा होता. दमयंतीनं वहीच्या मागच्या पानातला फॉर्म चाचपला. बाहेर काढला नाही. सतरा सहा हा आकडा खरा असण्याची शक्यता पुष्कळ होती, पण तो कुणी मोजलेला नव्हता.

"आता त्याच्याकडे कोणत्या तोंडानं जायचं," दयाराम म्हणाला. हा प्रश्न नव्हता. "मला नाही जमायचं ते, दमू."

"मी जाईन. शाळेला सुट्टी लागली की जाईन."

"हं."

तो उठला. दोघांनी मिळून गाडी ढकलत जीपपर्यंत आणली. मऊ जमिनीत चाकं जड जात होती, आणि एकदा कळल्यावर ते पायांनाही कळत होतं. दयारामनं दोर बांधला, गाठ ओढून पाहिली. ओढताना गाडीत बसून चाक सांभाळायचं काम दमयंतीचं असे. ती पत्र्याच्या बैठकीवर बसली. पायाशी क्लचला जोडलेली दिव्याची वायर होती, काळ्या चिकटपट्टीनं नीट, घट्ट गुंडाळलेली. अडीच महिन्यांत ती कुठंही सुटली नव्हती.

जीप निघाली. दोर ताणला, गाडीला हिसका बसला आणि बांध मागे पडू लागला. ऊन आता डोळ्यांवर येत होतं. तिचे हात चाकावर होते, पण ती अर्धवट पेंगत होती. पुढे रस्ता कुठे वळतो ते तिला बघावं लागत नसे. बांध जिथं डांबरी सडकेला मिळतो तिथं डावीकडे पनवेल, गॅरेज, आणि रविवारचं राहिलेलं जेवण.

सडकेच्या तोंडाशी जीप थांबली. मुंबईकडून आलेला एक ट्रक गेला. त्याच्यामागून एक सायकल गेली. रस्ता मोकळा झाला तरी जीप उभीच होती. दमयंतीनं मान वर केली. जीपच्या काचेतून तिला दयारामची पाठ दिसत होती, ओली, जराशी वाकलेली.

मग जीपच्या उजव्या बाजूनं त्याचा हात बाहेर आला. कोपरापर्यंत ग्रीस लागलेला. तो पूर्ण बाहेर आला, सरळ झाला आणि तसाच राहिला, उरणच्या दिशेला.

दमयंतीनं चाक उजवीकडे वळवलं.