मागून येतेय

बस चालवता चालवता हातानेच खोटं बोलायची एक रीत असते. थांब्यावर माणसं उभी असतात, गाडीला उशीर झालेला असतो, आत मुंगी शिरायला जागा नसते. अशा वेळी वेग कमी करायचा नाही, नुसता अंगठा खांद्यावरून मागे दाखवायचा. म्हणजे, मागून दुसरी येतेय. मागून काहीएक येत नसतं. सगळेच ड्रायव्हर हे करतात, आणि बावीस वर्षांच्या नोकरीत आपल्या ड्रायव्हरने ते इतक्या वेळा केलं होतं, की अंगठा आता त्याला न विचारताच मागे जायचा.

या अंगठ्याबद्दल कोणीतरी इंटरनेटवर लिहिलं आणि डेपोत गहजब झाला.

साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावून मोबाइल पुढे धरला. चष्मा घरी राहिला होता, म्हणून साहेबांनाच वाचून दाखवावं लागलं. दवाखान्यासमोरचा थांबा, दुपारचे चार. काठी टेकत आलेले एक आजोबा. बस आली, ड्रायव्हरने अंगठा मागे दाखवला आणि निघून गेला. आजोबांनी उलट हात वर करून त्याचे आभार मानले आणि शेजारच्या मुलीला म्हणाले, "भला माणूस आहे गं. नुसता नाही गेला, सांगून गेला." मग ते पाऊण तास उभे राहिले, कारण शब्दावर विश्वास ठेवणारा माणूस थांबा सोडत नाही.

"लिहिलंय मात्र झकास," ड्रायव्हर हसत म्हणाला. "चारची गाडी म्हणजे आपल्या त्या टकल्या ड्रायव्हरची, साहेब. कुणासाठी थांबायचं म्हणजे त्याच्या जिवावर येतं."

"गाडी कोणाची ते नंतर बघू. लिहिणारी तुमची मुलगी आहे."

ड्रायव्हरचं हसू जागच्या जागी वाळलं.

मुलीने ना स्वतःचं नाव दिलं होतं, ना ड्रायव्हरचं. पण एका मैत्रिणीने कौतुकाच्या भरात खाली लिहिलं होतं, 'ड्रायव्हरच्या मुलीनेच हे लिहावं, शाब्बास!' मैत्रिणी असतात त्या अशा. आणि डेपोत कॉलेजात जाणारी मुलगी एकाच ड्रायव्हरची होती. साहेबांनी टाइप केलेला कागद सरकवला. 'सदर मजकूर खोटा असून माझ्या मुलीने अजाणतेपणी लिहिला आहे. तो काढून टाकण्यात येत आहे.' उद्या दहापर्यंत सही, नाहीतर चौकशी.

"सतरा वर्षांची पोर, तिला काय कळतंय," साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले.

संध्याकाळी घरात पाऊल टाकताच ड्रायव्हरचा आवाज चढला. मुलगी शेंगा मोडत बसली होती.

"खाल्ल्या घरचे वासे मोजतेस?"

"खोटं काय लिहिलं मी?"

"खऱ्याखोट्याचा प्रश्नच नाही. घरात बोलायचंस. चव्हाट्यावर कशाला?"

"घरात बोललं की तुम्ही म्हणता, उलटून बोलू नकोस. कॉलेजात बोललं की सर म्हणतात, लेखी दे. लेखी दिलं की ते कपाटात जातं. आणि सगळ्यांना दिसेल असं लिहिलं की चव्हाटा! मग आम्ही बोलायचं कुठे, बाबा? मोरीत?"

आतून आईला हसू फुटलं. तिने ते खोकल्यावर ढकललं.

"तुला थट्टा सुचतेय. पाप त्या टकल्याचं आणि निस्तरायचं मी!"

मुलीच्या हातातली शेंग मोडायची राहिली. "मंगळवारी मी मैत्रिणीला बघायला दवाखान्यात गेले होते ना," ती हळूच म्हणाली.

मंगळवारी टकल्या रजेवर होता. त्याची चारची फेरी कोणी मारली, हे ड्रायव्हरला कोणी सांगायची गरज नव्हती.

"आजोबांच्या शेजारी मीच होते. तुमची गाडी बघून मी हात हलवत होते, बाबा. तुम्ही मलाही अंगठाच दाखवलात."

त्याने तिला पाहिलंच नव्हतं. अंगठा मागे करताना माणसांकडे बघायचं नसतं. बघितलं तर पाय ब्रेकवर जातो.

"मग माझं नाव का नाही लिहिलंस?"

"तुम्ही एकटे थोडेच करता? मला आजोबांचं लिहायचं होतं." तिने मोबाइल उचलला. डोळे भरून आले होते. "टाकते काढून. तुमच्या नोकरीपेक्षा मोठं नाही ते."

'टाक' हा शब्द ड्रायव्हरच्या अगदी ओठांवर आला होता. नोकरीची भीती कोणाला नसते? आणि पोरीने तर स्वतःच वाट मोकळी करून दिली होती. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"थांब. आधी माझा चष्मा दे."

त्याने स्वतः वाचलं, दोनदा. आजोबांच्या वाक्याशी दोन्ही वेळा अडखळला. मग मोबाइल तिच्या हातात देऊन म्हणाला, "राहू दे ते."

दुसऱ्या दिवशी दहाला साहेबांनी पेन दिलं. ड्रायव्हरने टाइप केलेल्या ओळींवर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'मजकूर खरा आहे. मंगळवारची चारची गाडी माझी होती.'

"अहो, हे काय? चौकशी लागेल!"

"लागू दे. त्यात एवढंही विचारा, पन्नास मिनिटांच्या फेरीला चाळीस कोणी ठरवली."

बोलून गेला खरा, पण जिना उतरताना पगार थांबला तर घर किती दिवस चालेल, याचा हिशोब करत होता. चौकशी पुढच्या आठवड्यात होती. तोवर गाडी त्याचीच.

दुपारी दवाखान्याचा थांबा आला तेव्हा बारा मिनिटं उशीर झाला होता आणि लोक दारात लोंबत होते. अंगठा सवयीने स्टेअरिंगवरून उचलला गेला. त्याने मुद्दाम मान वळवून थांब्यावरच्या माणसांकडे पाहिलं. पाय ब्रेकवर गेला.

"अहो, जागा कुठंय?" मागून कंडक्टर ओरडला.

गर्दी बघून एक म्हातारी दाराशीच घुटमळली. "मागून दुसरी येतेय ना रे बाबा?"

"नाही, आजी," ड्रायव्हर म्हणाला. "मागून काही येत नाही. चढा."