सूचना लावली होती

"अक्षरी रक्कम लिहिली नाही. नीट भरून आणा," म्हणत रूपराव डेकाट्यांनी पैसे काढायची स्लिप बँकेच्या खिडकीतून परत सरकवली.

जिजाबाईंनी ती उचलली. समुद्रपूरच्या बसस्टँडवर मुरमुरे-फुटाणे विकणारी ही बाई सकाळपासून तिसऱ्यांदा रांगेत लागली होती. पहिल्यांदा तारीख चुकली होती, दुसऱ्यांदा खाते नंबर. लिहिता येत नसल्यामुळे दर वेळी कोणाची तरी विनवणी करून ती स्लिप भरून आणत होती.

"साहेब, तुमीच लिहून द्या ना जी दोन शबद."

"ते माझं काम नाही. पुढचा कोण?"

दुपारी दोनच्या सुमारास जिजाबाईंना त्यांचे बावीस हजार मिळाले. पदरात बांधून त्या बाहेर पडल्या आणि रस्ता ओलांडून सरळ समोरच्या गाळ्यात शिरल्या. रूपरावांनी ते गजांमधून पाहिलं.

त्या गाळ्यात २००६ च्या दिवाळीत एक ऑफिस उघडलं होतं. पाटीवरचं इंग्रजी नाव कोणाच्या तोंडी बसलं नाही; लोक त्याला कंप्युटरवाली कंपनी म्हणत. आपले पैसे ऑनलाइन गुंतवायचे आणि ते रोज किती वाढले हे पडद्यावर बघायचं. महिन्याला शेकडा तीन. तिथे बसायची वर्षाली. बी. कॉम. झालेली, कामगाराघरची, पवनारची पोरगी. कोणी आलं की ती आधी पाण्याचा ग्लास पुढे करी.

"हे पाहा काकू, हे तुमचं नाव. मराठीतच लिवलं हाये. आन् हा आकडा काल कमी होता, आज वाढला. नाई समजलं तं पुन्हा सांगते. घाई नाई."

ती खरंच पुन्हा सांगायची. चार-चारदा. जिजाबाईंना आपलं नाव वाचता येत नव्हतं, पण ते पडद्यावर चमकताना त्यांनी पाहिलं आणि वर्षालीने बोट ठेवून एकेक अक्षर म्हणून दाखवलं.

रूपराव सव्वीस वर्षं बँकेच्या खिडकीत होते. त्यांनी कोणाचा चहा घेतला नाही, की कोणाची रक्कम चुकवली नाही. घरी ते सगळ्यांसारखेच बोलत, पण खिडकीत बसले की पुस्तकी भाषा तोंडात येई आणि आवाज कोरडा होई. सुरुवातीला ज्या हेडक्लार्कच्या हाताखाली ते शिकले, तो असाच बोलायचा. काम म्हणजे असंच असतं, अशी त्यांची समजूत झाली होती. लोक त्यांच्यापुढे हात जोडत, त्याला ते मान समजत.

एका संध्याकाळी बँक सुटल्यावर ते समोरच्या ऑफिसात गेले.

"पैसा जातो कुठं?" त्यांनी उभ्याउभ्याच विचारलं.

"शेअरमधी, कमोडिटीमधी. सगळं ऑनलाइन हाये, काका."

"नोंदणीचा क्रमांक दाखवा."

वर्षालीने डायरीत लिहून घेतलं. "नागपूरच्या हेड ऑफिसले विचारून सांगते." दुसऱ्या आठवड्यात ती स्वतः बँकेत आली. "काका, ते म्हणतात कागद येऊन राह्यला." महिन्याने ती हेच म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. वडिलांचे कारखाना सुटल्यावर मिळालेले पैसे तिने त्यातच टाकले होते.

रूपराव काय ते समजले. रात्रभर त्यांना झोप नव्हती. सकाळी मॅनेजरची परवानगी काढून त्यांनी एक सूचना स्वतः टाइप केली: "सर्व खातेदारांस सूचित करण्यात येते की, नोंदणी क्रमांकाची खातरजमा केल्याविना कोणत्याही संगणकाधारित योजनेत गुंतवणूक करू नये. अन्यथा होणाऱ्या नुकसानीस खातेदार जबाबदार राहील." शुद्धलेखन दोनदा तपासलं. सुट्ट्यांची यादी आणि कर्जाचे दर यांच्या मधे चार टाचण्या लावून ती बोर्डावर लावली. आपलं कर्तव्य झालं असं त्यांना वाटलं.

पैसे काढायची रांग मात्र वाढतच गेली. शेवटी सायकल दुरुस्तीवाला कवडू खातं रिकामं करायला आला तेव्हा त्यांच्याने राहवलं नाही.

"अक्कल आहे का तुला? तिथं टाकशील तर बुडशील."

कवडूने खाली मान घातली. मग हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "साहेब, ते पोरगी मले खुर्ची देते. तुमच्या इथं वीस वर्सं झाले, मी उभाच हावो. तुमचं गिऱ्हाईक तुटून राह्यलं म्हणून तुमी भेव दाखवता."

मागून कोणीतरी हसलं. रूपरावांनी नोटा मोजून दिल्या आणि पुढचा माणूस बोलावला. त्यानंतर ते या विषयावर कोणाशी बोलले नाहीत.

२००८ च्या उन्हाळ्यात एका सकाळी कंप्युटरचा पडदा उजळलाच नाही. वर्षालीने सांगितलं, लाइन खराब हाये. लोकांनी विश्वास ठेवला. दुसऱ्या दिवशी तिने तेच सांगितलं, तिसऱ्या दिवशीही. नागपूरचा फोन लागत नव्हता. चौथ्या दिवशी ती आली ती ऑफिसच्या पायरीवर लोकांमधेच बसली आणि ओढणीत तोंड खुपसून रडली. नंतर पोलिसांनी कंप्युटर जीपमधे टाकून नेला. तिला कोणी शिवी दिली नाही. "पोरगी चांगली होती बिचारी," असंच लोक म्हणत राहिले. तिचा बाप तिला घेऊन गेला, आणि पुढे तिचं काय झालं ते समुद्रपुरात कोणाला कळलं नाही.

त्या आठवड्यात जिजाबाई बँकेत आल्या. हातात स्लिप नव्हती. खिडकीशी येऊन नुसत्या उभ्या राहिल्या.

"साहेब, लोक म्हणतात, तुमाले पह्यलेच मालूम होतं."

"होतं."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"सूचना लावली होती," रूपराव म्हणाले. "बोर्डावर."

जिजाबाईंनी वळून बोर्डाकडे पाहिलं. तो सगळा कागदांनी भरलेला होता.

"मले वाचता कोठी येते, साहेब?"

त्या भांडल्या नाहीत. तशाच निघून गेल्या. पोटात दुखतं म्हणून सांगून रूपराव त्या दिवशी लवकर घरी गेले.

विमलाबाई, त्यांची बायको, स्वयंपाकघरात पाटावर बसल्या होत्या. समोर पोळ्यांची कणीक तशीच पडली होती आणि मांडीवर कंपनीचं कार्ड होतं. त्यावर वर्षालीच्या अक्षरात पासवर्ड लिहिलेला होता. माहेरच्या पाटल्या मोडून त्यांनी चाळीस हजार टाकले होते. पोरीच्या लग्नाला जोड होईल म्हणून.

रूपराव तिथेच भिंतीला टेकले. "मले विचारलं काऊन नाई तुनं?"

"विचारलं होतं ना जी. संक्रांतीच्या दिवशी. ते ऑफिस कसं हाये म्हणून. तुमी म्हणाले, चुपचाप जेवू दे."

त्यांनी खूप आठवून पाहिलं. त्यांना संक्रांत आठवली, तिळाच्या पोळ्या आठवल्या. हे बोलणं आठवेना.

पाटल्यांबद्दल ते एक शब्दही बोलले नाहीत. रविवारी त्यांनी कपाटातली फाइल काढली. दीड वर्षात नोकरी संपणार होती. पेन्शनचे, वारसाचे फॉर्म भरायचे होते. आजवर असले कागद त्यांनी घरात कोणाला दाखवले नव्हते. त्यांनी विमलाबाईंना बोलावलं आणि जमेल तितक्या हळू आवाजात सांगायला लागले. हा कागद कशाचा, मी गेलो तर तुले कोठी जायचं, कोणाले भेटायचं, किती भेटन. मधेमधे आवाज चढे, की ते थांबत आणि पुन्हा खाली आणत. घामाने त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता.

"समजलं?"

"होजी."

"काय समजलं, सांग बरं."

विमलाबाईंची नजर फरशीवर होती.

"नाई समजलं तं पुन्हा सांगतो," रूपराव म्हणाले. "घाई नाई. पह्यले वाचून घे, मंग..."

"नाई जी, समजलं," त्या घाईने म्हणाल्या.

रूपरावांनी कागदाकडे पाहिलं. ते सांगत असतानाच केव्हातरी विमलाबाईंनी तिन्ही रिकाम्या जागी सही करून टाकली होती आणि टोपण लावून पेन त्यांच्यापुढे सरळ ठेवला होता.