टाळ्यांसाठी दिलेला होकार

“तुम्हीच हो म्हणालात ना, काकू?” ग्रंथपालबाई हळू आवाजात म्हणाल्या आणि त्यांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला.

सोन्याच्या आईने पेल्याला हात लावला नाही. बाई खरं तेच बोलत होत्या. शेजारच्या खोलीतून सोन्याचं एकसुरी हुंकारणं दोन तास झाले तरी थांबलं नव्हतं. तिचा एकतीस वर्षांचा लेक तिथे टेबलाखाली कान दाबून बसला होता.

लहानपणी चार शाळांनी त्याला नारळ दिला होता. शेवटच्या शाळेच्या फाटकावर ‘शाळा सर्वांसाठी’ असं ठसठशीत रंगवलेलं होतं. डॉक्टरांनी स्वमग्नता हा शब्द सांगितला तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. तोवर लोकांचे दुसरे बरेच शब्द सांगून झाले होते. शिवणयंत्र चालवता चालवता तिने त्याला घरीच वाचायला शिकवलं.

दोन वर्षांपूर्वी या ग्रंथालयाच्या बांधणीच्या खोलीत त्याला काम मिळालं. फाटकी पुस्तकं उसवायची, पुन्हा शिवायची, पाठ चिकटवायची आणि स्क्रूच्या शिकंज्यात दाबून वाळवायची. म्हातारे बाइंडर त्याला मागून कधी हाक मारत नसत. आधी टेबलावर तळहात ठेवायचे, सोन्याने वर पाहिलं की मगच बोलायचे. एवढ्याशा रीतीवर दोघांचं छान जमलं होतं. सोन्याने शिवलेलं एकही पुस्तक पुन्हा दुरुस्तीला आलं नाही.

मग ग्रंथालयाच्या साहेबांना सर्वसमावेशकतेचा दिवस साजरा करायची हुक्की आली. सोन्याचा सत्कार ठरला, तोही त्याला न सांगता, आनंदाचा धक्का म्हणून. बाइंडर नको म्हणाले, तर म्हातारा जळतो असं ठरलं. तरी बाईंनी आईला फोन करून विचारलं होतं. टाळ्या म्हणजे सोन्याच्या कानात सुया, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? पण जन्मभर लेकाच्या तक्रारीच ऐकलेल्या त्या माउलीला त्याच्यासाठी वाजलेल्या टाळ्या एकदा तरी ऐकायच्या होत्या. मिनिटभर निभावेल, असं ती म्हणाली होती.

नाही निभावलं. चाळीस माणसं हसत आत शिरली, टाळ्या कडाडल्या, कॅमेरा लखलखला आणि साहेबांनी मागून प्रेमाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. सोन्याने किंचाळून त्यांना ढकललं. कपाटाचा कोपरा लागून साहेबांच्या कपाळाला तीन टाके पडले. माणसं वाईट असती तर तिला भांडता तरी आलं असतं.

साहेब तक्रार करणार नव्हते. फक्त सोन्या घरीच बरा राहील, त्याच्याच भल्याचं आहे, असं सगळ्यांचं मत पडलं होतं.

“टाळ्या मला ऐकायच्या होत्या,” आई म्हणाली. “चूक माझी आहे. त्याला कशाला काढता?”

बाईंचे डोळे भरून आले. पण पत्र टाइप होऊन टेबलावर आलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोन्या नेहमीसारखा बूट घालून दाराशी उभा राहिला.

“आज जायचं नाही, सोन्या.”

“आज मंगळवार आहे.”

ती त्याच्याशी कधी खोटं बोलली नव्हती. आता कधीच जायचं नाही, आणि ते माझ्यामुळे, असं तिने सांगून टाकलं. तो चिडला असता तर तिचं मन जरा हलकं झालं असतं. त्याने नुसतं ऐकून घेतलं.

“शिकंज्यात सहा पुस्तकं दाबून ठेवलीत,” तो म्हणाला. “आज नऊला काढायची.”

“बाइंडरकाका काढतील रे.”

“त्यांनी मला सांगितलंय.”

 बस आली, क्षणभर थांबली आणि गेली. सोन्या दारातच उभा होता. नऊ वाजता तो भिंतीकडे वळला आणि दोन्ही हातांनी हवेतच शिकंज्याचा स्क्रू फिरवू लागला. मग एकेक पुस्तक उचलून, पाठीवरून अंगठा फिरवून, त्याने सहाही पुस्तकं बाजूला ठेवली.